माडीवरच्या एकोणीस सागवानी फळ्या

"तू गेल्यावर पाहू," असं माझ्या घरात माझ्या तोंडावर बोललं जातं. दोन वर्षं झाली. पोरगा नागपूरहून फोनवर बोलतो, पोरगी भाकर थापता थापता बोलते. माडीवरच्या जुन्या फळ्या घासून ठेवायच्या की उखडून टाइल्स लावायच्या, हे दोघं मी गेल्यावर पाहणार. जसं काही मी या घरात चहा पिऊन उठायला बसलेली पाहुणी आहे. म्हणून मी जायच्या आधीच पाहून घेतलं आणि ते खाली लिहून ठेवत आहे. आता सगळ्यांना जयभीम.

मी, मथुराबाई नागोराव मुनेश्वर, वय शाळेच्या दाखल्यावर एक्क्याऐंशी, खरं मास्तरलाच माहीत, धंदा पूर्वी शेतमजुरी आणि आता बसून बोलणं, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीनं करते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. त्यांनी मला विचारलं, आजी, आज वार कोणता? मी वार सांगितला आणि त्यांना विचारलं की पाटीवर दवाखान्याची वेळ नऊची लिहिली आहे तर तुम्ही साडेदहाला का येता. त्यांनी लगेच सही केली. मला कोणी धाक दाखवला नाही की लालूच दाखवली नाही. दाखवील अशी कोणाची छाती नाही.

माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षर माझं मोठं येतं आणि ओळ उतरते, म्हणून मी बोलले आणि वकीलीणबाई केतकी पांढरीपांडे यांनी लिहिलं. बाई हुशार आहेत, पण मधे मधे माझं बोलणं सरळ करत होत्या. मी प्रत्येक पान वाचून घेतलं आणि जिथं सरळ झालं होतं तिथं पुन्हा माझ्यासारखं करून घेतलं.

कलम पहिलं. माझी माणसं. माझे पती नागोराव, आरामशीनवर लाकूड चिरायला होते, दोन हजार अकरा साली वारले. कायद्यासाठी नाव लिहिलं, एरवी मी त्यांना प्रफुल्लचे बाबा म्हणत आले, इथेही तेच म्हणेन. मुलगा प्रफुल्ल, नागपूरला सरकारी कचेरीत बाबू. मुलगी शीला, अंगणवाडीत सेविका, माझ्याजवळ राहते. तिचं लग्न झालं होतं, पटलं नाही, सहा महिन्यांत परत आली. का पटलं नाही असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी तेव्हाच उत्तर दिलेलं आहे. इथे पुन्हा देत नाही.

कलम दुसरं. घर. घर नगरपरिषदेच्या नोंदीत माझ्या नावावर आहे. खाली दोन खोल्या, भिंती मातीच्या विटांच्या, आतून लाकडी जिना आणि वर एक माडी. माडीला सागाच्या फळ्यांची जमीन. भांडण सगळं याच माडीचं आहे.

प्रफुल्लचं म्हणणं असं: फळ्या काढून टाकू, लोखंडी गर्डर टाकून वर स्लॅब घालू, त्यावर टाइल्स. नमुना म्हणून त्यानं एक खोका ट्रॅव्हल्सनं पाठवूनही दिला. पांढऱ्या, करड्या रेघांच्या, तोंड दिसेल इतक्या गुळगुळीत. त्यावर तेलाचा एक थेंब सांडला तर मी थेट यवतमाळच्या दवाखान्यात.

शीलाचं म्हणणं असं: "माय, साग हाय तो. घासला तं आपल्यानंतर शंभर वर्षं टिकन. उखडायचा कायले?" तिला माडी स्वतःला पाहिजे. वर्षावासात वस्तीतल्या बाया वाचनाला जमतात त्यांना तिथं बसवायचं आहे, आणि दुपारी शिलाईचं मशीन टाकायचं आहे. तिला दुसरं घर नाही. प्रफुल्लला नागपूरला फ्लॅट आहे. स्लॅब टाकायचा म्हणजे घर सहा महिने उघडं, आणि तेवढे दिवस शीलानं आपल्या माणसांच्या ओसरीवर काढायचे. हे प्रफुल्लच्या ध्यानात आलं नाही. पुरुषाच्या ध्यानात स्लॅब येतो, चूल कुठं मांडायची ते येत नाही.

आणि मी काय म्हणत होते? मी टाइल्स म्हणत होते. दोन वर्षं मी प्रफुल्लच्या बाजूनं बोलले. शीला माझ्यावर चिडली, चार दिवस बोलली नाही, ताट समोर आदळून ठेवत होती. मी म्हटलं, फळ्या काढा, जाळा, विकू नका, जाळाच. शीला म्हणाली, "जाळा? सागाच्या फळ्या? तुले झालं तरी काय, माय?" मी सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता सांगण्यासारखं झालं.

कलम तिसरं. फळ्यांबद्दल मला काय वाटत होतं. साल एकोणऐंशी. तोवर माडी नव्हतीच, वर नुसते छपराचे कवेलू. एका दिवशी भरदुपारी प्रफुल्लचे बाबा बैलगाडीत फळ्या घालून आले. एकोणीस फळ्या, लांबी सगळ्यांची वेगवेगळी, पण लाकूड असं की हात फिरवावा. आमच्या वस्तीत तोवर कोणाच्या घरी सागाचा पाटही नव्हता. मी विचारलं, "अवो, कुठून आणल्या?"

"मशीनवरून," ते म्हणाले.

एवढंच. त्यांच्या तोंडून एका दिवसात जेवढे शब्द निघत तेवढे मी एका श्वासात बोलते. आठ दिवसांत त्यांनी स्वतः वासे टाकले, फळ्या ठोकल्या, माडी झाली. आणि त्याच्या दुसऱ्या सोमवारी गावात वनखात्याची जीप आली. एका आरामशीनवर चोरीचं सागवान सापडलं, मुनीमाला घेऊन गेले, दोन मजूर पळाले. ते आमचं मशीन की दुसऱ्याचं, हे मी विचारलं नाही. बाजारात बाया बोलत होत्या की घरोघर पाहणार आहेत. ज्याच्या घरी बिनपासाचं, म्हणजे खात्याच्या परवानगीचा कागद नसलेलं, लाकूड सापडेल तो आत.

मी घरी आले. टोपलं भरून शेण आणलं, त्यात पांढरी माती कालवली आणि माडीवरची सगळी जमीन सारवून काढली. जाड. खालून चुलीचा धूर लागेल अशी चूल जिन्याजवळ आणली. महिन्याभरात खालून फळ्या काळ्या झाल्या, वरून मातीच्या झाल्या. कोणी वर डोकावलं तर त्याला साग दिसणार नव्हता.

प्रफुल्लचे बाबा संध्याकाळी आले, वर गेले, खाली आले. म्हणाले, "साग हाय तो. त्याले काय शेण लावतं?"

मी म्हटलं, "जमीन हाय तं सारवनच लागते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं अडाणी बाईकडे पाहतात तसं, आणि अंगणात जाऊन बसले. मग कधी त्या विषयावर बोलले नाहीत. मी दर बाजाराच्या आदल्या दिवशी सारवत राहिले. वरून पोपडे सुटून खाली त्यांच्या वरणात पडायचे. ते काही न बोलता ताट सरकवायचे. सरकवता सरकवता त्यांची जेवायची जागा चुलीजवळून दाराजवळ गेली.

शेजारची बिजलीबाई भाजीची टोपली घेऊन बसायची, ती हसायची. "मथुरे, लाकडाले शेण लावते का कोनी? उद्या पाणी भरायच्या पितळेच्या गुंडाले लावशीन!" ते सगळ्या गल्लीला आवडलं. लेकरंसुद्धा म्हणायला लागली. मी ऐकून घेतलं. मला अडाणी म्हटलेलं परवडत होतं.

वकीलीणबाईंनी इथे लिहिणं थांबवून विचारलं की आजी, तुम्ही त्यांना सरळ का नाही विचारलंत? मी म्हटलं, विचारलं असतं आणि ते हो म्हणाले असते तर? मग मला चोराच्या घरात राहावं लागलं असतं. न विचारता मी फक्त शेणाच्या घरात राहिले. त्यांनी मला अडाणी समजलं, मी त्यांना चोर समजले, आणि बत्तीस वर्षं आम्ही त्या समजुतीत नीट नांदलो. ते गेल्यावरही मी तीन वर्षं सारवत होते, गुडघे गेले तेव्हा थांबले. पण डोक्यातलं थांबलं नाही. एक दिवस मी जाणार, पोरं माती खरवडणार, कोणीतरी जाणकार येऊन विचारणार की याचा पास कुठं आहे, आणि माझ्या अंगणवाडीतल्या पोरीला आणि सरकारी नोकरीतल्या पोराला जबाब द्यावा लागणार. म्हणून मी जाळा म्हणत होते.

कलम चौथं. काय निघालं. गेल्या डिसेंबरात शीलानं मला न विचारता देवीलाल सुताराला बोलावलं. म्हणाली, एक कोपरा खरवडून तर पाहू, लाकूड सडलं असेल तर दादाचं खरं, नसेल तर माझं. मी खाली खाटेवर. वरून पटाशीचा आवाज यायला लागला. सहा वर्षं मी जिना चढले नव्हते. त्या दिवशी चढले. बसून, एकेक पायरी मागे सरकत. शीला ओरडत होती, "माय, पडशीन!" मी म्हटलं, पडली तर वरूनच पडेन, तू सरक.

वर देवीलालनं एक हातभर जागा उघडी केली होती. मातीचा थर दोन बोटं जाड. त्याच्याखाली लाकूड असं पिवळंधमक की मला त्याचा रागच आला. देवीलाल म्हणाला, "आजी, ह्ये पाहा. सडलं म्हने! हे शेणाखाली झोपून होतं." मग त्यानं भिंतीजवळची फळी पहारीनं उचलली, कारण टोकाला ओल आहे का ते पाहायचं होतं. टोक भिंतीत चार बोटं गेलेलं. ते बाहेर निघालं. देवीलालनं फडक्यानं पुसलं, चष्मा वर केला, पुन्हा पुसलं.

"शिक्का हाय," तो म्हणाला.

"कायचा?" मी विचारलं.

"जंगलखात्याचा. हातोडीचा शिक्का. डेपोतून माल पास झाला का टोकावर ठोकते." त्यानं माझा हात धरून बोट तिथं लावलं. गोल खळगा, आत अक्षरं. "आजोबानं लिलावातून घेतलेला दिसतो. आखूड माल व्यापारी घेत नाही, तो स्वस्तात सुटते. म्हणून तं फळ्या लहानमोठ्या हायेत. मशीनवर चिरून आणल्या असतीन, अन् चिरल्यावर फळीफळीवर शिक्का मारून घेतला असन."

मशीनवरून. खरंच बोलले होते ते. अर्धंच बोलले होते, पण खरं.

मी म्हटलं, "सगळ्या काढ."

"आजी, मले घासायले बोलावलं, उखडायले नाही."

"काढ म्हटलं ना."

दोन तास लागले. त्यानं एकेक फळीचं टोक बाहेर काढलं आणि मी एकेका शिक्क्यावर बोट ठेवलं. एकोणीस फळ्या, एकोणीस शिक्के. काही अर्धे पुसट होते, पण होते. शीलाला अजून काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "माय, तू काहून एवढी घामेघूम झाली?" मग मी तिला कलम तिसरं सांगितलं, तिथंच, फळ्यांवर बसून. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू पस्तीस वर्षं यासाठी सारवत होती?"

"मग काय गावातलं शेण संपवायचं होतं मले?"

देवीलाल आधी हसला, मग शीला हसली, मग मीसुद्धा. शीलानं शिक्क्याचे फोटो काढून दुसऱ्या दिवशी डेपोत दाखवले. तिथल्या बाबूनं पाहून सांगितलं, जुना शिक्का आहे, पास झालेल्या मालाचाच. त्या दिवशी मी दोनदा जेवले. दुपारी झोपले ती दिवे लागेपर्यंत. पंचेचाळीस वर्षांत मला दुपारची झोप लागली नव्हती. मला वाटायचं वयामुळे लागत नाही.

प्रफुल्लच्या बाबांबद्दल मी इथे एवढंच नोंदवते की ते चोर नव्हते. याबद्दल मी त्यांची माफी मागत नाही. तोंड त्यांनाही होतं. "लिलावातून घेतल्या" एवढे दोनच शब्द जास्त लागले असते, तर मला आयुष्यभर शेण कालवावं लागलं नसतं आणि त्यांना वरणात पोपडे खावे लागले नसते.

कलम पाचवं. प्रफुल्लबद्दल. हे कलम त्यानं बायकोसमोर वाचायचं नसेल तर एकट्यानं वाचावं.

डेपोतून शीला आली तसा मी त्याला फोन लावला. म्हटलं, "प्रफुल्ल, फळ्यांवर शिक्का हाय."

"कायचा शिक्का?"

"सरकारी. पास झालेल्या मालाचा. एकोणीसच्या एकोणीस."

त्याच्या कचेरीतला पंखा ऐकू येत होता.

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

"पुन्हा सांग, माय."

पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, "मले वाटे..." आणि थांबला.

"मले बी वाटे," मी म्हटलं.

"मंग तू कधी बोलली काहून नाही?"

"तू बोलला?"

त्यानं फोन ठेवला. मला राग आला. मग मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि राग माझ्याच अंगावर आला. तो चौथीत होता. शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि मला म्हणाला की वर्गातली पोरं म्हणतात, तुझा बाप जंगलातलं लाकूड चोरतो आणि तू चोरीच्या फळ्यांवर झोपतो. मी त्याच्या थोबाडीत मारली. ज्यांनी म्हटलं त्यांना मारायचं सोडून माझ्याच पोराला मारलं. आणि त्याला सांगितलं, "आपल्या माडीवर मातीच हाय, असं सांगत जा. वर कोणाले नेऊ नको."

त्या दिवसापासून प्रफुल्ल कधी माडीवर झोपला नाही. उन्हाळ्यात सगळे वर झोपत, तो अंगणात. पहिल्या पगाराच्या दिवसापासून तो मला म्हणतो, माय, वर फरशी करू. लग्नानंतर मला वाटायचं सुनेनं शिकवलं. सुनेबद्दल या बाबतीत मी जे जे बोलले ते मागे घेते. बाकी बाबतीत जे बोलले ते तसंच राहू द्या.

म्हणजे या घरात दोघं जण एकच भीती घेऊन बसलो होतो आणि दोघंही ती एकमेकांपासून लपवत होतो. यात तो बापावर गेला की माझ्यावर, ते मला ठरवता येत नाही.

दोन तासांनी त्याचा परत फोन आला. मी उचलला. तो म्हणाला, "माय, घासायले किती दिवस लागतीन?"

म्हणून खालचा निकाल मी दोघांच्या संमतीनं देत आहे, आणि संमती नसती तरी हाच दिला असता.

कलम सहावं. निकाल आणि काम कसं करायचं. फळ्या राहतील. स्लॅब नाही, टाइल्स नाहीत. माडी, जिना आणि खालची मागची खोली शीलाची, तिच्या हयातीनंतर तिनं ठरवावं कोणाची. समोरची खोली प्रफुल्लची, आला तर राहायला, नाही आला तर कुलूप लावायला. दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या मर्जीशिवाय आपला भाग विकायचा नाही. पोस्टातल्या पुस्तकात जे आहे ते माडीच्या कामाला लावायचं, उरलं तर दोघांनी अर्धं अर्धं.

माती आधी कोरडीच खरवडायची, पाणी मारून नाही, नाहीतर चिखल फटींत जाईल. लाकडी फावड्यानं, मग पटाशीनं. खिडकीखालची एक फळी वाळवीनं खाल्ली आहे, ती बदलायची, नवीन घ्याल ती पास पाहूनच घ्यायची आणि पास पेटीत ठेवायचा. फटींत सागाचाच भुसा सरसात कालवून भरायचा. मशीननं एकदा, मग हातानं खरखरीत कागद मारायचा, लाकडाच्या धारीनं, आडवा नाही. वर चकचकीत पॉलिश नको, मला घसरून पडायचं नसलं तरी जमलेल्या बाया घसरतील. जवसाचं तेल कोमट करून पातळ हात द्यायचा, चार दिवस वाळू द्यायचं, पुन्हा एक हात. तेलाचे बोळे घडी करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, ते आपोआप पेट घेतात, देवीलालनं सांगितलं आहे. त्यानंतर फक्त ओल्या फडक्यानं पुसायचं. शेणाचं नाव काढायचं नाही.

सगळ्या फळ्या पूर्वीसारख्या टोकं भिंतीत घालून ठोकायच्या, एक सोडून. जिना जिथं वर निघतो तिथली फळी उलटी फिरवायची, म्हणजे शिक्क्याचं टोक जिन्याकडे येईल आणि वर चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील. त्यावर तेल कमी लावा, खळगा बुजू देऊ नका.

खरवडायला सुरुवात प्रफुल्लनं करायची आहे. नागपूरहून येऊन, स्वतःच्या हातानं, पहिली फळी. मग पुढचं देवीलालवर सोडलं तरी चालेल. पहिल्या रात्री त्यानं माडीवर झोपायचं आहे. पाठ दुखते म्हणाला तर गादी द्या, पण वरच.

कलम सातवं. बाकी वस्तू. टाइल्सचा खोका परत पाठवू नका, त्या खालच्या न्हाणीत लावा. न्हाणीला शोभतील. माझं जातं शीलाचं. माझा विळा शीलाचा. प्रफुल्लच्या बाबांची करवत आणि पटाश्या प्रफुल्लच्या. त्याला वापरता येत नाहीत, तरी त्याच्या. सुनेला माझी हिरवी इरकली साडी. तिला तो रंग आवडत नाही, पण साडी चांगली आहे. नातीला, ममताला, माझं कानातलं, आणि सोबत हा उपदेश की नवऱ्याला प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्याला ताटावरून उठू द्यायचं नाही.

प्रफुल्लच्या बाबांचा रंधा देवीलालला द्यायचा माझा विचार होता. वकीलीणबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, भानगड होते. म्हणून रंधा मी त्याला आजच हातात दिला आहे आणि तो मृत्युपत्रात नाही.

बिजलीबाईला मी काही देत नाही, कारण तीही साक्षीदार आहे, आणि साक्षीदार नसती तरी दिलं नसतं. पितळेच्या गुंडाचं ती पंचेचाळीस वर्षं बोलत आहे. मात्र त्या सोमवारी वनखात्याची जीप आली तेव्हा मी शेण कालवत होते, आणि माझं टोपलं संपलं तेव्हा आपल्या गोठ्यातलं टोपलं तीच घेऊन आली होती. कशाला पाहिजे म्हणून विचारलं नाही. ते तिला कळलं होतं की नाही, हे मी आज सहीच्या आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "मले सगळं कळे, मथुरे. हसली नसती तं लोकाईनं विचार केला असता." यावर मी शाईची डबी तिच्यापुढे सरकवली.

कलम आठवं. मी गेल्यावर. रडायला कोणाला बोलावू नका. पांढरे कपडे, त्रिसरण, पंचशील, बस. पुण्यानुमोदनाला जेवण साधं ठेवा, भाजी वांग्याची नको, मला ती कधी आवडली नाही आणि सगळे मला आवडते म्हणून वाढत आले. बाया माडीवर बसतील तेवढ्यांना माडीवर बसवा. काम झालेलं नसेल तर सतरंजी टाका.

यापूर्वी मी काही लिहून दिलं असेल, तर ते रद्द. हेच शेवटचं. हे सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, ते माझं आहे. मी माझं नाव स्वतः लिहीत आहे, अंगठा देत नाही.

मथुराबाई नागोराव मुनेश्वर

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:

१. देवीलाल रामधन राठोड, सुतार, घाटंजी (सही)

२. बिजलीबाई देवसिंग जाधव, भाजीविक्री, घाटंजी (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार: ॲड. केतकी कमलाकर पांढरीपांडे

ठिकाण: घाटंजी, जिल्हा यवतमाळ

दिनांक: १७ जानेवारी २०२५

वकीलीणबाई म्हणतात की सहीनंतर काही लिहायचं नसतं. पण महत्त्वाचं राहिलं आहे, म्हणून लिहून खाली दुसरी सही करते आणि साक्षीदारांनाही करायला लावते. फळ्या उजळल्या की लोक वर येतील आणि एवढा साग या घरात कुठून आला असं विचारतील. तेव्हा शीलानं बोलायचं नाही. देवीलालनं बोलायचं नाही. बिजलीबाईनं तर तोंडच उघडायचं नाही. प्रफुल्लला बोलवा, जिन्याजवळ उभा करा, आणि जबाब त्यानंच द्यायचा, मोठ्या आवाजात, बापाचं नाव घेऊन.

मथुराबाई नागोराव मुनेश्वर